पॅकिंग चौथ्यांदा बदललं, तरी गाडीखालचा पुठ्ठा ओलाच

माझ्या पद्मिनीखाली सोसायटीच्या पार्किंगमध्ये कायम एक पुठ्ठा पसरलेला असतो, फ्रिजच्या खोक्याचा. वॉचमनकाका रोज सकाळी त्यावर नजर टाकतात आणि मला लिफ्टपाशी गाठून बातमी देतात, "साहेब, आज दोन जागी आहे." गेल्या वर्षी मी टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग (दोन भागांच्या मधे बसणारी, गळती रोखणारी पट्टी) चार वेळा बदललं. दर वेळी आठ-पंधरा दिवस कोरडे गेले आणि मग तोच काळा ओघळ इंजिनच्या कुशीवरून खाली उतरला. पहिल्या दोन वेळा पॅकिंगचा माल चुकीचा होता, तिसऱ्या वेळी माझा हात चुकला. चौथ्या वेळी पॅकिंग अगदी निर्दोष होतं, आणि तरीही गळत होतं.

"नवीन पॅकिंग टाकलं तरी गळतंय" ही ज्यांची रड आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं पद्मिनीची आहेत, पण अँबॅसेडर, जुनी जीप किंवा जुनी बुलेट असेल तरी बराचसा भाग लागू पडेल.

मुळात पॅकिंग घरी कापायची वेळ का येते? कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि पुढे पद्मिनी म्हणून निघालेली ही १०८९ सीसीची गाडी काळी-पिवळी टॅक्सी होती, तोवर तिचा पॅकिंग सेट कुठल्याही नाक्यावर मिळायचा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली, टॅक्सीला ठरवून दिलेली तिची २० वर्षं २०२३ मध्ये भरली आणि रस्त्यावरून टॅक्सी गेली. तिच्यामागोमाग दुकानातला खपही गेला. आता जो सेट मिळतो तो बहुतेक वेळा कपाटावर वर्षानुवर्षं पडून असलेला असतो. त्यातला कॉर्क खाकऱ्यासारखा मोडतो. माझं पहिलं पॅकिंग असंच होतं. पाकीट नवीन आणि आतला माल म्हातारा.

असं कॉर्क हाती आलंच तर फेकू नका. सुकून आखडलं असेल आणि भोकं जुळत नसतील तर ते कोमट पाण्यात दोन-तीन तास सपाट बुडवून ठेवा. ते पुन्हा मापाला येतं आणि वाकायलाही लागतं. मग पुसून लगेच बसवायचं. कडेला चिरा दिसत असतील तर मात्र ते नुसतं नमुना म्हणून वापरा.

आधी गळती नक्की कुठली ते ठरवा

मराठीत यासाठी तीन शब्द आहेत आणि तिन्ही उपयोगाचे आहेत. पाझरतंय, ठिबकतंय की धार लागलीय? चाळीस वर्षांचं इंजिन पाझरणारच, त्यासाठी पान्ना हातात घेऊ नका. ठिबकायला लागलं तर शोध घ्या. धार असेल तर गाडी हलवूच नका.

थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते. पंख्याचा वारा तेल मागे ढकलतो आणि ते चेंबरच्या (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या) कडेवरून सरकत सर्वांत खालच्या बोल्टवरून पडतं. बोट दाखवलं जातं चेंबर पॅकिंगकडे आणि चोर वर टॅपेट कव्हरवर बसलेला असतो. मी इंजिन थंड असताना रॉकेलने घासून पूर्ण कोरडं करतो, वरून चक्क टाल्कम पावडर भुरभुरतो आणि मग दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो. पावडर जिथे पहिल्यांदा ओली होते तीच जागा. बायकोने या कामासाठी चंदनाच्या वासाचा एक डबा मला कायमचा देऊन टाकलाय.

पुठ्ठाही वाचायला शिका. काळं किंवा तपकिरी ते इंजिन ऑइल. जाड आणि उग्र वासाचं ते गिअर ऑइल. हिरवट आणि चिकट असेल तर कूलंट. जवळजवळ रंगहीन, बोटाला बुळबुळीत आणि पडेल तिथला रंग उचलणारं असेल तर ब्रेक ऑइल; तेव्हा बाकी सगळं सोडून आधी तिकडे बघा. पेट्रोल पुठ्ठ्यावर उरत नाही, पण इंजिनवरच्या पेट्रोल पंपाच्या अंगावर पिवळट डाग सोडून जातं.

दुसरं पॅकिंग, म्हणजे "सगळं चालतं" वालं रबर

कॉर्क मोडल्यावर मी मशीद बंदरला नागदेवी स्ट्रीटवर गेलो. बेअरिंग, सील, रबर शीट या सगळ्यासाठी आजही ती गल्ली गाठावी लागते. "काका, गरम तेलाला टिकेल असं रबर द्या." काकांनी मान वर न करता सांगितलं, "सगळं चालतं." मी ३ मिमीची काळी कुळकुळीत शीट आणली आणि मन लावून पॅकिंग कापलं. तीन आठवड्यांनी कव्हर उघडलं तर ते फुगून लाटेसारखं झालेलं, दोन बोल्टांच्या मधून बाहेर डोकावत होतं.

इथे अडाणीपणा माझाच होता. काळं रबर म्हणजे एकच वस्तू नव्हे. नायट्रिल रबर पेट्रोलियमच्या तेलाला चांगलं टिकतं, साधारण १०० अंशांपर्यंतची उष्णताही सोसतं, पण उन्हात आणि उघड्या हवेत त्याला चिरा पडतात. ईपीडीएम त्याच्या बरोबर उलट. पाणी, कूलंट, ब्रेक ऑइल, ऊन, पाऊस सगळं झेलतं, पण इंजिन ऑइल किंवा पेट्रोल लागलं की स्पंजासारखं फुगतं. माझी शीट बहुधा हीच असावी. व्हायटॉन महाग, पण २०० अंशांपर्यंतची उष्णता आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल दोन्ही सोसतं. ब्रेक ऑइलला मात्र ते चालत नाही. सिलिकॉन उष्णतेला उत्तम, पेट्रोलला पूर्ण नालायक. सायकलची ट्यूब कापून कुठेही लावायची आपली जुनी सवय आहे. पाण्याच्या पाइपाला ठीक, पेट्रोल आणि तेलाच्या जवळपासही नको.

रंगावरून ओळखायला जाऊ नका. तपकिरी दिसलं की व्हायटॉन असं समजतात, ते बऱ्याचदा खरं असतं, पण खात्री नाही. काळं तर काहीही असू शकतं. म्हणून मी आता बरणीची परीक्षा घेतो. शीटचा नखाएवढा तुकडा कापायचा, जाडी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवायची आणि ज्या द्रवात तो राहणार आहे त्यातच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत दोन दिवस बुडवायचा. पेट्रोल असेल तर बरणी घरात ठेवायची नाही, देव्हारा आणि गॅसपासून लांब, मोकळ्या हवेच्या बाल्कनीत ठेवायची. दोन दिवसांनी परत मोजायचं. ३ मिमीचा तुकडा ३.२ च्या वर गेला तर मी ती शीट नाकारतो. मग तो तुकडा दिवसभर वाळवून दुमडून बघायचा. काही रबरं फुगत नाहीत, पण वाळल्यावर कडक होतात. बंद ठेवलेल्या गाडीत हेच होतं, आणि महिनाभराने स्टार्टर मारला की पंपापाशी पेट्रोलचा वास येतो.

हल्ली ही परीक्षा मी नेहमीच्या पंपावरच्या पेट्रोलनेच घेतो. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं, आणि या गाड्यांचे डायफ्रॅम (पेट्रोल पंपातले लवचिक पडदे), नळ्या, वॉशर बनले तेव्हा इथेनॉल कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पेट्रोलची नळी घेताना अंगावर "एसएई जे३० आर९" असा छाप असलेली घ्या. तिच्या आतला थर व्हायटॉनच्या जातीचा असतो.

टॅपेट कव्हरला शेवटी मी रबर-कॉर्क लावलं. कॉर्कचा भुसा नायट्रिलमध्ये घोळून केलेली शीट असते, साध्या कॉर्कसारखी सुकत नाही आणि दाबली तर रबरासारखी पळूनही जात नाही.

तिसरं पॅकिंग आणि माझा जड हात

रबर-कॉर्क छान बसलं. मग मला वाटलं, अजून अर्धा आटा आवळू. मग अजून थोडा. कॉर्क दाबत गेलं की सुरुवातीला सील होतं आणि त्यापुढे बोल्टाखाली चिरडतं. त्याहून वाईट म्हणजे पत्रा वाकतो. पत्र्याचं कव्हर किंवा चेंबर असेल तर प्रत्येक भोकाभोवती एक खळगा पडतो आणि दोन बोल्टांच्या मधली कड वर उचलली जाते. अशा कडेखाली जगातलं कुठलंही पॅकिंग घाला, मधून गळणारच. वर्षानुवर्षं पॅकिंग बदलूनही चेंबर गळत राहणाऱ्या निम्म्या गाड्यांत मला हेच दिसलंय.

उपाय फुकटचा आहे. कव्हर उलटं करून कड सपाट सागवानी ठोकळ्यावर धरा आणि खळगे गोल डोक्याच्या हातोडीने हलक्या हाताने मागे ठोका. मग खिडकीची जाड काच घ्या, त्यावर कव्हर ठेवून चारी बाजूंनी पातळ फिलर गेज (फट मोजायची पत्र्याची पट्टी) घालून बघा. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा भाग असेल तर ठोकायचं नाही. काचेवर पॉलिश पेपर चिकटवा, कडेवर मार्करने आडव्या रेघा मारा आणि आठच्या आकड्यासारखा भाग फिरवत घासा. जिथे शाई उरते तिथे खड्डा आहे. सगळी शाई गेली की थांबा.

आवळताना मधून बाहेर, तिरपं-तिरपं, छोट्या पान्न्याने दोन बोटांच्या जोराने. कॉर्कची कड किंचित फुगलेली दिसली की हात काढून घ्यायचा. गाडी एकदा तापवून पूर्ण थंड झाल्यावर पाव आटा, आणि मग विसरून जायचं. माझ्या मिस्त्रींचा हात या बाबतीत देवाने घडवलेला आहे. ते पान्ना टोकाला न धरता डोक्याजवळ धरतात, म्हणजे जोर लावायची सोयच उरत नाही.

सिलिकॉनच्या ट्यूबबद्दल दोन शब्द. अ‍ॅनाबॉण्ड लावलं की झालं, असं गॅरेजमध्ये सर्रास चालतं. कागदी पॅकिंगवर पातळ बोट फिरवायला ते ठीक. पण जाड गोळा लावला तर आतल्या बाजूला सुटलेला तुकडा चेंबरमध्ये पडतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. पेट्रोलच्या जागी तर कधीच नको. ते फुगून सुटतं आणि त्याचे धागे कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात.

चौथं पॅकिंग निर्दोष होतं

कड सपाट, माल बरोबर, हात हलका. तरी दहाव्या दिवशी ओघळ. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण उघडलं आणि त्यावर तळहात धरला. फुस्स फुस्स हवा येत होती. इंजिनमधून एअर क्लीनरकडे जाणारी ब्रीदरची नळी त्यांनी उपसून काढली तर आत काजळी आणि तेलाचा डिंकासारखा थर, भोक पेन्सिलीएवढंही उरलं नव्हतं. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली उतरतच असतो, जुन्या इंजिनमध्ये जरा जास्तच. त्याला बाहेर पडायला वाट नसेल तर तो जी वाट सर्वांत कमकुवत तिथून तेल घेऊन निघतो. आज टॅपेट कव्हर, ते घट्ट केलं तर उद्या क्रँकचं ऑइल सील.

नळी रॉकेलमध्ये भिजवून साफ केली, तेच पॅकिंग परत लावलं, आणि आज दहा महिने ती जागा कोरडी आहे. हे काम मी सर्वांत आधी करायला हवं होतं. पाच मिनिटांचं होतं.

कागदी पॅकिंग कापताना

जुना चिकटलेला करड्या रंगाचा जॉइंट कोरडा खरवडू नका, त्यावर ग्राइंडर तर नकोच. जुन्या जॉइंटिंग शीटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. तो पाण्याने भिजवून, मास्क लावून, ओल्या अवस्थेतच सोलून पिशवीत बंद करा. नवीन शीट घेताना बिनअ‍ॅस्बेस्टॉसची मागा.

आकार काढायची जुनी पद्धत म्हणजे कागद कडेवर धरून हातोडीने धारेवर टकटक करत जायचं. ओतीव लोखंडावर ती चालते, अ‍ॅल्युमिनियमवर धार चेपते. मी पुढच्या नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे भाग नेतो. काचेवर आधी स्वच्छ प्लास्टिक, त्यावर पुसून कोरडा केलेला वॉटर बॉडीचा (पाण्याच्या पंपाचा) फ्लँज, म्हणजे बोल्ट लागतात ती सपाट कड, शेजारी स्टीलची पट्टी. पट्टी का? झेरॉक्स मशीन आकार किंचित लहान-मोठा करतं. छापलेल्या पट्टीवर खरी पट्टी ठेवली की किती फरक पडला ते कळतं. पहिल्यांदा त्याने मला हाकलून दिलं होतं. आता तो स्वतःच विचारतो, "आज कुठला पार्ट?"

तो कागद शीटवर चिकटवायचा, आधी बोल्टांची भोकं पोकळ पंचाने पाडायची, त्यातून दोन बोल्ट घालून भागावर जुळवून बघायचं आणि मग बाहेरची कड कात्रीने. आधी कड कापली तर भोकं हमखास सरकतात. आकार फार नाजूक असेल तर वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे-रबाळेच्या एमआयडीसीत चित्रावरून कापून देणारी छोटी युनिट आहेत. एका नगाला कुणी विचारत नाही, दहा घ्या म्हणतात. मग दहा घ्यायचे आणि नऊ पद्मिनीवाल्यांत वाटायचे.

शीट नसेल आणि गाडी घरी पोचवायची असेल तर जाड लग्नपत्रिका तेलात बुडवून लावली तरी तेलाच्या बिनदाबाच्या जागी काम भागतं. चकचकीत लॅमिनेशनवाली नको, ते सोलून निघतं.

आता जाडी. पॅकिंग गळती थांबवतं, शिवाय ते एक मापही असतं, आणि हे मी रस्त्यात उभं राहून शिकलो. एसी पंपाखाली (इंजिनवर चालणाऱ्या पेट्रोल पंपाखाली) एकाऐवजी दोन जाड पॅकिंग घातले. गळती थांबली, घोडबंदर रोडला गाडी नीट चालली, आणि गायमुखच्या चढावर दम तोडला. पंप इंजिनपासून लांब गेला की कॅम त्याच्या दांडीला कमी ढकलतो, डायफ्रॅमची उडी छोटी होते, चढावर पेट्रोल पुरत नाही. फार पातळ घातलं तर उलट, दांडीवर नको तेवढा दाब येतो आणि कार्बोरेटर ओसंडू शकतो. वॉटर बॉडीत जाडी बदलली की पात्यांचं अंतर बदलतं, गिअरबॉक्सच्या बेअरिंग कव्हरवर बेअरिंगचा खेळ बदलतो. म्हणून जुनं पॅकिंग कितीही फाटलेलं असो, न दबलेल्या जागी मोजून जाडी लिहून ठेवल्याशिवाय टाकू नका.

ऑइल सील आणि बाकीचं किरकोळ

फिरत्या दांड्याचं सील घरी बनवायचं नाही, पण ते "पद्मिनीचंच" असायला हवं असंही नाही. ही गाडी इटालियन घराण्यातली, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. सीलच्या अंगावर ३५-५२-७ असे तीन आकडे असतात: दांड्याचा व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. मिटले असतील तर दांडा आणि सील बसतं ते घर मोजा. जुन्या सीलचं तोंड मोजू नका, ते मुद्दाम दांड्यापेक्षा लहान ठेवलेलं असतं. बेअरिंगच्या दुकानात मापावरून मिळून जातं. अँबॅसेडरवाल्यांना इथे इंचांशी झगडावं लागतं.

नवीन सीलही गळत असेल तर दांड्यावर नख फिरवा. जुन्या ओठाने चर पाडलेली असेल तर घरात जागा असेल तर सील मिलिमीटर-दीड मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे ओठ गुळगुळीत जागेवर येईल. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. दांड्यावरच्या चावीच्या खाचेवर टेप गुंडाळा, ओठाला तेल लावा. कोरडं बसवलेलं सील पहिल्याच मिनिटात जळतं.

स्थिर जागेच्या ओ रिंगसाठी नायट्रिलची दोरी मिळते. आतला व्यास ६० आणि दोरी ३ मिमी असेल तर ६३ गुणिले ३.१४, म्हणजे १९८ मिमी कापायची, टोकं तिरपी, जोड फेविक्विकने. पेट्रोल आणि दाबाच्या जागी असा जोड नको. तांब्याचे वॉशर गॅसवर लालबुंद करून पाण्यात टाकले की परत मऊ होतात.

ब्रेकचे कप आणि हेड पॅकिंग या दोन गोष्टींत मात्र जुगाड नाही. कप ब्रेक ऑइलला चालणाऱ्या रबराचे, नामांकित किटमधलेच. ते रॉकेलने किंवा पेट्रोलने धुवायचेही नाहीत. किट मिळत नसेल तर गाडी उभी राहू दे.

पावसाळ्याआधी दरवाज्यांच्या बीडिंगकडे बघा. रबरावर खडू घासून दरवाजा लावा, उघडल्यावर चौकटीवर खडू उमटला नाही तिथून पाणी आत येणार. मीटरवर मिळणारं ईपीडीएमचं स्पंज बीडिंग चालतं, इथे तेलाचा प्रश्नच नाही. फार जाड घेऊ नका. मी घेतलं होतं, आणि दरवाजा आपटल्याशिवाय लागेना. बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, "गाडी दुरुस्त केलीस की टेम्पो केलास?"

सध्या पुठ्ठ्यावर एकच डाग असतो, गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाखाली, रुपयाएवढा. सीलचं माप घेतलंय, नागदेवीला जाणं व्हायचंय. वॉचमनकाकांना तो डाग पाठ झालाय, त्यामुळे ते आता बातमी देत नाहीत.